मावशीचा कोट आणि ‘खरी मी’

गेल्या महिन्यात भाची माझा काळा कोट न्यायला आली. पहिल्या नोकरीची पहिली मुलाखत होती. कोट खांद्यात बसला, बाह्या मात्र पार बोटांपर्यंत आल्या. तिने त्या दोनदा दुमडल्या, आरशासमोर उभी राहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “नमस्कार, मी मुलाखतीसाठी आलेय.” मग पुन्हा तेच, जरा सावकाश. तिसऱ्या वेळी हनुवटीही वर झाली. तेवढ्यात मागे दारात उभी असलेली मी तिला आरशात दिसले आणि खांदे पाडून ती हसायलाच लागली. “मावशी, किती खोटं वाटतंय गं! ही मी नाहीच.”

‘ही मी नाहीच’ हे वाक्य या वयातल्या मुलींकडून इतकं ऐकलंय की आता मी ते ऐकलं की थांबते. कारण त्यात एक गोष्ट न तपासता धरून चाललेली असते. खरी मी आत कुठेतरी तयार बसलेली आहे, आणि कपडे, बोलण्याची ढब, केस ही सगळी वरची वेष्टनं आहेत. वेष्टन काढलं की ती सापडेल. मग मुलगी शोधत बसते, आणि जे जे अंगावर चढवेल ते ते तिला सोंग वाटायला लागतं.

माणसाची ओळख कशी घडते यावर गेली शंभर-सव्वाशे वर्षं काम चाललंय. त्याचा सूर साधारण वेगळा आहे. स्वभाव घेऊन आपण जन्मतो हे खरं. कुणी मुळात बुजरं असतं, कुणी बडबडं. पण ‘मी कोण’ या प्रश्नाचं उत्तर स्वभावासारखं आयतं मिळत नाही, ते करून बघत बघत जमतं. आणि करून बघण्याचं सगळ्यात हाताशी असलेलं साधन म्हणजे कपडे आणि सोंग.

याची सुरुवात फार लवकर होते. चार-पाच वर्षांची पोरगी शाळा-शाळा खेळते तेव्हा बाहुल्यांना रांगेत बसवते, चष्मा नसताना चष्मा सावरते आणि ओरडते, “गप्प बसा!” अमेरिकन विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांना या खेळात फार मोठी गोष्ट दिसली. बाई झालेली ती पोर बाहुल्यांकडे जशी बघते, तशी खरी बाई आपल्याकडे बघत असणार, हे तिला तिथे पहिल्यांदा उमगतं. म्हणजे स्वतःकडे बाहेरून पाहायचं असेल तर आधी दुसरं कुणीतरी व्हावं लागतं. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये याच्याच जवळची कल्पना मांडली होती, आणि त्यासाठी शब्द वापरला होता आरसा. आपण समोरच्याला कसे दिसत असू, तो मनात काय म्हणत असेल, याचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजावर खूश व्हायचं किंवा लाजायचं. यातला ‘अंदाज’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

‘आयडेंटिटी क्रायसिस’, म्हणजे ‘मी कोण’ हे न उमगण्याचा पेच, हा शब्द रुळवला मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी. त्यांचं स्वतःचं आयुष्यही या विषयाला साजेसंच होतं. जन्म १९०२ चा, जर्मनीतला. जन्मदाता बाप कोण हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव लावून ते मोठे झाले, आणि १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी ‘एरिक्सन’ हे आडनाव स्वतःच निवडलं. एरिकचा मुलगा! तरुणपणाबद्दल लिहिताना त्यांनी एक शब्द वापरला, मोरॅटोरियम. मूळचा पैशाच्या व्यवहारातला शब्द आहे. कर्जाच्या हप्त्याला मुदत मिळते ना, तेच. लहानपण सरलंय, मोठेपणाचे हप्ते अजून सुरू झालेले नाहीत, अशी मधली काही वर्षं समाज तरुणांना देतो. त्या काळात चुकीचं काही करून बघितलं तरी ते कायमचं खात्यावर लागत नाही.

पुढे १९६६ मध्ये जेम्स मार्सिया यांनी तरुणांना भेटून दोन गोष्टी तपासल्या. शोध घेतलाय का, आणि कशाला तरी बांधून घेतलंय का. त्यांच्या मांडणीतला मला सगळ्यात बोलका वाटतो तो गट शोध न घेताच बांधून घेतलेल्यांचा. घरच्यांनी शिवून ठेवलेला अंगरखा त्यांनी चढवला, आरशात पाहिलंसुद्धा नाही. बाहेरून असे लोक अगदी ठाम दिसतात. ज्यांचा शोध चालू आहे ते उलट गोंधळलेले, आज हे तर उद्या ते. आणि आपण काळजी नेमकी त्यांची करतो.

जाता जाता एक सांगायला हवं. मार्सिया यांनी त्या पहिल्या अभ्यासात फक्त मुलगेच घेतले होते. आणि मुलीची ओळख पुढे ती कुणाशी संसार करते यावर बरीच अवलंबून राहते, असं खुद्द एरिक्सनही सुचवत. म्हणजे तिच्या शोधाला मुदत द्यायची, पण शेवटचं पान रिकामं ठेवायचं, ते भरणारा नंतर येईल! यावर नंतर भरपूर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

मग मुलींच्या बाबतीत कपड्यांनाच एवढं महत्त्व का येतं? एक तर ते स्वस्तातलं आणि उलटवता येणारं धाडस आहे. नोकरी, जोडीदार, गाव रोज सकाळी बदलता येत नाही, शर्ट बदलता येतो. हेझेल मार्कस आणि पॉला न्यूरियस यांनी १९८६ मध्ये ‘संभाव्य मी’ अशी कल्पना मांडली. आपण काय होऊ शकतो, काय व्हायला आवडेल आणि काय होण्याची भीती वाटते, अशी बरीच चित्रं प्रत्येकाच्या मनात असतात. ती धूसर असतात. कपडे त्यातल्या एकाला एका दिवसापुरतं अंग देतात. धूसर वकीलबाई, धूसर गिर्यारोहक, धूसर ‘कुणाचं काही ऐकून न घेणारी’ अशी एकदम हाडामांसाची होऊन बसमध्ये उभी राहते, आणि तिथे तिला कळतं की हे जमतंय की टोचतंय.

दुसरं कारण तितकंसं सुखाचं नाही. मुलीचं दिसणं हा लहानपणापासून सगळ्यांच्या बोलण्याचा विषय असतो. मुलाला ‘काय करतोस’ विचारणारी माणसं मुलीला आधी ‘छान दिसतेस’ म्हणतात. त्यामुळे आपल्या शोधाची भाषा म्हणून ती कपडे निवडते की तिच्या हातात दुसरी भाषा दिलेलीच नसते, हे नेहमी वेगळं काढता येत नाही.

कोटात खरंच काही असतं का?

२०१२ मध्ये हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी एक प्रयोग छापला आणि तो जगभर गाजला. काही जणांना पांढरा कोट घालायला दिला आणि सांगितलं की हा डॉक्टरचा आहे. काहींना तोच कोट दिला, पण सांगितलं की हा चित्रकाराचा. मग दोन चित्रांतले बारीक फरक शोधायला लावले. ‘डॉक्टर’ झालेल्यांना जास्त फरक सापडले. कापड तेच, शिवण तीच. बदलला होता फक्त त्या कोटाचा अर्थ. आणि नुसता समोर ठेवलेला डॉक्टरी कोट पाहून तेवढा परिणाम झाला नाही, त्यासाठी कोट अंगावरच असावा लागत होता.

लगेच ‘कोट घाला, हुशार व्हा’ अशा थाटाचे मथळे आले. जरा दमानं घ्यायला हवं. त्याच अभ्यासातल्या पहिल्या प्रयोगात एकाग्रतेच्या चाचणीत कोट घातलेल्यांच्या चुका निम्म्यावर आल्या होत्या. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो जास्त माणसं घेऊन पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. त्यामुळे कोटाने एकाग्रता वाढते असं छातीठोकपणे मी तरी सांगणार नाही. कपड्याचा परिणाम त्याला चिकटलेल्या अर्थातून येतो, एवढी त्यातली कल्पना मात्र ठेवण्यासारखी आहे. आईचा कोट, शत्रूचा कोट आणि भाड्याचा कोट एकाच मापाचे असले तरी अंगावर एकसारखे बसत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांचं म्हणणं याच्याशी जुळतं. आपण कसे आहोत हे आपल्यालाही पुष्कळदा आतून ठाऊक नसतं, आपण आपलं वागणं पाहून ते ताडतो. ‘मी चारचौघांत बोलले, म्हणजे मी बोलू शकते’ या क्रमाने. वागणं आधी, मत नंतर. भाचीचा आवाज आरशासमोर खाली आला तेव्हा तिने स्वतःबद्दल एक नवी बातमी ऐकली होती, फक्त ती तिला खरी वाटली नाही.

खेळातल्या सोंगात हे आणखी मोकळेपणाने घडतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ १९७४ मध्ये आला. कॉस्प्ले हा शब्द जपानमध्ये १९८० च्या दशकात पुढे आला, ‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’ यांचा जोड करून. दोन्हीकडे मर्म एकच आहे. पात्र तुम्हाला सबब देतं. वर्गात हात वर न करणारी मुलगी खेळात सेनापती होते, पहारेकऱ्यांवर खेकसते, तह धुडकावते. कुणी काही म्हणालंच तर “मी नाही, ती सेनापती म्हणाली” असं सांगून मोकळी. पण ओरडला तो तिचाच घसा. अशा खेळातले लोक एक शब्द वापरतात, ब्लीड. कपड्याचा रंग अंगाला लागावा तसा पात्राचा रंग खेळणाऱ्याला लागणं आणि खेळणाऱ्याचा पात्राला. कधी तो हवासा असतो. कधी पात्राचं भांडण घरापर्यंत येतं, म्हणून जाणती मंडळी खेळ संपल्यावर थोडा वेळ गप्पा मारतात, एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारतात.

पडद्यावरची सोंगंही चिकटतात. निक यी आणि जेरेमी बेलनसन यांनी २००७ मध्ये आभासी जगात लोकांना वेगवेगळी शरीरं दिली. ज्यांना उंच शरीर मिळालं ते पैशाच्या वाटणीत जास्त ताणून धरू लागले. ज्यांना देखणं मिळालं ते समोरच्याच्या जास्त जवळ गेले आणि स्वतःबद्दल अधिक बोलले. हे शरीर चिठ्ठी टाकल्यासारखं वाट्याला आलेलं, काही मिनिटांपुरतं. तरी वागणं त्याच्या मापाचं झालं.

लोखंडी टाचांचे बूट

हे सगळं प्रयोगशाळेबाहेर कसं दिसतं ते पाहायचं तर १८३१ च्या पॅरिसमध्ये जावं लागेल. ऑरोर नावाची सव्वीस वर्षांची बाई नवऱ्याचं घर मागे ठेवून लिहिण्यावर जगायला शहरात आली. पैसे बेताचे. बायकांची नाजूक पादत्राणं तिथल्या चिखलात दोन दिवसांत फाटत, टोप्या पावसात भिजून वाया जात. नाटकात खालच्या स्वस्त जागी बायकांना मज्जाव. अशा वेळी तिच्या आईनेच तोडगा सांगितला: तुझे वडील मला पूर्वी मुलाच्या वेशात हिंडवत, खर्च निम्म्यावर यायचा. ऑरोरने जाड करड्या कापडाचा लांब कोट शिवून घेतला, तशीच पँट, हॅट, गळ्याला लोकरी रुमाल. पण तिचा खरा जीव जडला तो बुटांवर. टाचांना लोखंड ठोकलेले ते बूट घालून फुटपाथवर पाय पक्का बसत होता. ती आठवणींत लिहिते की ते बूट घालून झोपावंसं वाटे, आणि शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपण उडतोय असं वाटे.

यात बंडाची घोषणा कुठेच नाही. चिखल, पैसे आणि नाटकाचं तिकीट आहे. पण त्या कोटात ती पहिल्यांदा अशी हिंडली की कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं आणि ती सगळ्यांकडे पाहत होती. लिहिणाऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं? पुढच्याच वर्षी तिची पहिली स्वतंत्र कादंबरी जॉर्ज सँड या नावाने छापली गेली. नंतर ती बायकांचे कपडेही घालत राहिली, सोयीप्रमाणे दोन्ही. नाव मात्र आयुष्यभर तेच राहिलं. सोंग पैशांसाठी आणलं होतं, त्यातून लेखिका राहिली.

त्या शहरात बाईने पँट घालायची तर पोलिसांची परवानगी लागे, असा १८०० सालचा हुकूमच होता. घोडे आणि इतर जनावरं रंगवणाऱ्या रोझा बोन्युर या चित्रकर्तीने बाजारात आणि कत्तलखान्यात जाऊन चित्रं काढता यावीत म्हणून १८५७ मध्ये अशी परवानगी घेतली होती. मुदत सहा महिने, नंतर नूतनीकरण. तो हुकूम आता लागू नाही असं फ्रान्सच्या सरकारने जाहीर केलं ते २०१३ मध्ये!

कपडा लक्ष खातो तेव्हा

आतापर्यंत मी कपड्यांची वकिलीच केली. दुसरी बाजू तितकीच भक्कम आहे. बार्बरा फ्रेडरिकसन आणि टॉमी-अ‍ॅन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये मांडलं की सतत पाहिल्या जाणाऱ्या मुली हळूहळू स्वतःकडे पाहणाऱ्याच्याच डोळ्यांनी पाहायला लागतात. पुढच्या वर्षी फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. विद्यार्थी एकेकटे कपडे बदलायच्या खोलीत गेले. कुणाला पोहण्याचा पोशाख मिळाला, कुणाला स्वेटर. तो घालून आरशात पाहायचं आणि तिथेच बसून गणितं सोडवायची. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांच्या गुणांत तसा फरक पडला नाही.

या प्रयोगात मला खुपते ती खोली. तिथे दुसरं कुणीच नव्हतं. पाहणारा माणूस बाहेर ठेवला तरी पाहणं आत आलेलं होतं, आणि गणिताच्या वाटणीचं थोडं डोकं ‘मी कशी दिसतेय’ यात अडकलं होतं. तोकडे कपडे वाईट असा याचा अर्थ काढणारे भेटतात. त्यांनी उलट विचार करावा. ज्यात सारखं सावरावं लागतं असा पायघोळ, अंगभर पोशाखही असंच लक्ष खातो. प्रश्न कापडाच्या लांबीचा नाही. ते घातल्यावर मुलीचं लक्ष कुठे जातं, जगाकडे की स्वतःकडे, हा आहे. सँडच्या बुटांनी तिचं लक्ष स्वतःवरून उठवलं आणि शहरावर नेलं.

आता कूलींचा तो अंदाज. तो बहुतेक वेळा फुगलेला असतो. टॉमस गिलोव्हिच आणि सहकाऱ्यांनी २००० साली काही विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, त्या वयात घालायला लाज वाटावी असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांनी पाहिलं असेल? घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी. प्रत्यक्षात चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांना तो चेहरा सांगता आला. बाकीचे बहुधा आपापल्या टी-शर्टच्या काळजीत असावेत.

हा दिलासा मी पूर्वी बिनधास्त द्यायचे, आता जरा अडखळते. कारण खोलीतली माणसं विसरतात, फोटो विसरत नाही. सोळाव्या वर्षी आठवडाभर काळे ओठ आणि साखळ्या घालून हिंडलेल्या मुलीला पूर्वी सतराव्या वर्षी ते नाकारता यायचं. साक्षीदार फार तर दहा-बारा, तेही तशाच साखळ्या घातलेले. आज त्याच आठवड्याचे तीनशे फोटो पडून असतात, खाली लोकांचे शेरे. ‘ही तर तशीच आहे’ असं एकदा लिहिलं गेलं की त्याच भूमिकेत राहण्याचा तगादा सुरू होतो. कौतुक झालं असेल तर जास्तच. एरिक्सन म्हणतात ती मुदत इथे कापली जाते. हप्ता लगेच चालू.

म्हणून एखादी भूमिका मुलीला वाढवतेय की अडकवतेय हे बघताना मी एकच गोष्ट पाहते, ती तिला उतरवता येते का. हौसेने घातलेलं काढून ठेवताना भीती वाटत असेल, ‘हे नसेल तर मी कुणाला आवडणार नाही’ असं मनात येत असेल, तर ते सोंग तिच्या हातात राहिलेलं नाही. दुसऱ्याने चढवलेल्या भूमिकांना हीच कसोटी लावता येते. गुणी मुलगी, समजूतदार मोठी बहीण, सगळ्यांत सुंदर असलेली ती. यांना झगमगीत पोशाख नसतो, म्हणून त्या भूमिका आहेत हेच ध्यानात येत नाही, आणि उतरवायच्या तर बटण कुठे आहे ते सापडत नाही.

घरातल्या मोठ्यांची इथे एक ठरलेली चूक होते आणि मीही ती केली आहे. “हे काय घातलंयस? तुला शोभत नाही.” ‘शोभत नाही’ म्हणताना आपण तिला सांगत असतो की तू कोण आहेस ते आम्हाला ठाऊक आहे, तुझं ठरायचं बाकी असलं तरी. त्यापेक्षा “यात कसं वाटतंय?” विचारलं की उत्तरं मजेशीर येतात. “यात मी भराभर चालते.” “यात मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही.” असं एखादं वाक्य पाच वर्षांच्या फोटोंपेक्षा जास्त सांगून जातं.

हे एवढं सगळं मी भाचीला त्या दिवशी अर्थातच सांगितलं नाही. तिला बस पकडायची होती. मी फक्त म्हटलं, “खोटं वाटू दे, नवीन आहे म्हणून वाटतंय. जा.”

संध्याकाळी तिचा फोन आला. मुलाखतीच्या खोलीत इतकं उकडत होतं की पहिल्या पाच मिनिटांतच तिने कोट काढून खुर्चीला अडकवला. “मग?” मी विचारलं.

“मग काय, आवाज तोच चालू ठेवला,” ती म्हणाली. “आणि मावशी, कोट तिथेच राहिलाय. उद्या जाऊन आणते.”